पाठ कुणामुळे सोलली?

आज जरा मोठं लिहितोय. नेहमीसारखं रस्त्याचं, पाणीपुरवठ्याचं किंवा बाजार समितीचं नाही. घरातलं आहे. पण ते शेवटी आपल्या दवाखान्यांपर्यंत आणि आपल्या सगळ्यांच्या घरांपर्यंत जातं, म्हणून इथेच लिहितोय. सवडीनं वाचा.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अण्णा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, जुन्या लोकांना आठवत असतील. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण विषय त्या एका दवाखान्याचा नाही.

बाराव्या दिवशी डिस्चार्ज. सकाळी दहाला सांगितलं, बेड रिकामा करा, दुसरा पेशंट आलाय. अण्णांना स्ट्रेचरवर घेतलं आणि पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवलं. लोखंडी स्ट्रेचर, वर रेक्झिनची बोटभर जाडीची गादी, तीही मधोमध दबून चपटी झालेली. बिलात घोळ होता. मी काउंटरवर भांडत होतो. पत्रकार आहे ना! प्रेसचं कार्ड काढलं, दोन-तीन फोन लावले, सात हजार कमी करून घेतले आणि तीन वाजता निघालो. मोठं काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं. ते पाच तास अण्णा जसे ठेवले तसेच उताणे पडून होते.

घरी आल्यावर एका मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून फाउलर कॉट आणली. तीच ती, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते ती. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना माझ्या बायकोला अण्णांच्या कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, जांभळट काळा डाग दिसला. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. कातडी शाबूत होती. मार लागल्यावर रक्त साकळतं तसं दिसत होतं. आठवड्याभरात तिथली कातडी गेली आणि आत लिंबू मावेल एवढा खड्डा निघाला. आतून सगळं आधीच खराब झालेलं होतं.

भेटायला येणारे नातेवाईक काय बोलणार? "दवाखान्यात अकरा दिवस काही नव्हतं. घरी आणलं आणि तीन दिवसांत पाठ सोलली." वाक्य साधंच आहे, पण म्हणताना सगळे बघायचे माझ्या बायकोकडे. कुणी म्हणालं अंगातली उष्णता, कुणी म्हणालं ओलं राहिलं असेल. आणि मी? एका रात्री मीही तिला विचारलं, "तुझं लक्ष कुठं होतं?"

ती रात्री बारा, दोन आणि चारचा गजर लावून उठत होती. अण्णांना कुशीवर वळवत होती. त्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. जखम शेवटपर्यंत भरली नाही. फाल्गुनात अण्णा गेले.

हे सगळं आज का काढलं, ते सांगतो.

गेल्या दिवाळीत माझी भाची आली होती. पुण्यात मेकॅनिकलमध्ये एमटेक करते. प्रोजेक्ट काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "मामा, बायोमेकॅनिक्स. सॉफ्ट टिश्यूचं मॉडेलिंग." मी नेहमीसारखी मान हलवली. तिनं लॅपटॉप उघडला आणि एक चित्र दाखवलं. माणसाच्या बुडाचा उभा काप. मधे हाड, भोवती स्नायू, मग चरबी, मग कातडी आणि खाली गादी. सगळ्यावर रंग भरलेले. कमी ताण तिथे निळा, जास्त ताण तिथे लाल.

"लाल कुठंय बघा," ती म्हणाली.

लाल कातडीवर नव्हतं. लाल होतं आत, हाडाला लागून. कातडीवर नुसता हिरवा-पिवळा. मी त्या चित्राकडे किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. मग अण्णांच्या पाठीचं सगळं तिला सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती सांगत होती आणि मी वही काढून लिहून घेत होतो. नंतर मी स्वतः वाचत गेलो. जे कळलं ते माझ्या भाषेत मांडतो.

स्वतःच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून ओढा. सुरुवातीला अगदी सहज येते. थोडं पुढे गेल्यावर एकदम अडते, मग कितीही ओढा, येत नाही. लोखंडाची स्प्रिंग अशी वागत नाही. तिला दुप्पट वजन लावलं की दुप्पट लांबते. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये हा नियम छापला आणि आपण शाळेत तो पाठ केला. पण कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या यांना हूकचा नियम लागू पडत नाही. कारण त्यांच्या आत कोलॅजनचे धागे असतात आणि ते ढिल्या सुतळीसारखे नागमोडी पडलेले असतात. ओढायला लागलं की आधी ते नुसते सरळ होतात. सगळे सरळ झाले की मग खरा जोर लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कणकेत बोट दाबून काढलं तर खड्डा लगेच भरत नाही. शरीराचा मऊ भागही थोडा असाच आहे. किती जोरानं दाबलं याच्याइतकंच किती वेळ दाबलं यालाही तिथे महत्त्व असतं.

हे सगळं गणितात बसवणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव युआन-चेंग फंग यांचं. जन्म १९१९, चीनमधला. अमेरिकेत कॅलटेकला विमानांवर काम करायचे. वाऱ्यानं विमानाचा पंख कसा थरथरतो, हा त्यांचा विषय. मग हा माणूस शरीराकडे कसा वळला? त्यांच्या आईला काचबिंदू झाला होता. आई चीनमध्ये, मुलगा परदेशात. १९५७-५८ च्या सुमारास जर्मनीत गटिंगेनला असताना ते काचबिंदूवरचे नवे लेख वाचायचे, चिनीत भाषांतर करायचे आणि आईच्या डॉक्टरांना पाठवायचे. त्या वाचनातून शरीरशास्त्राची गोडी लागली. १९६६ मध्ये कॅलटेक सोडून ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात गेले आणि पुढे या शास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले. १९६७ मध्ये सशाच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की ताण वाढतो तसा हा मऊ भाग चक्रवाढ व्याजासारखा कडक होत जातो. २०१९ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले.

हे वाचताना मला एक गोष्ट लागली. त्या माणसानं आईच्या डोळ्यासाठी अनोळखी विषयाची पुस्तकं उघडली. मी पंधरा वर्षं बातम्या लिहितोय, माहिती काढणं हाच माझा धंदा. वडिलांच्या पाठीसाठी मी अर्धा तासही वाचलं नाही. बिलासाठी मात्र पाच तास भांडलो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बेडसोर कसा होतो?

घरी एक प्रयोग करा. कणकेच्या गोळ्यात मधोमध सुपारी घाला आणि गोळा ओट्यावर ठेवून वरून दाबा. ओट्याला टेकलेली बाजू बऱ्यापैकी सपाट, एकसारखी दिसेल. पण गोळा कापून बघा. सुपारी आणि ओटा यांच्यामधली कणीक सगळ्यात जास्त चेपलेली असते आणि बाजूला पळालेली असते. सुपारीच्या जागी हाड, कणकेच्या जागी स्नायू आणि चरबी, ओट्याच्या जागी स्ट्रेचर. दाब बाहेरून आत जात नाही, हाड आतून बाहेर रुततं. म्हणून पहिला मार आत बसतो. कातडीला त्याचा पत्ता उशिरा लागतो.

पूर्वी असं मानायचे, की हा सगळा रक्त अडण्याचा खेळ आहे. १९३० मध्ये लँडिस नावाच्या डॉक्टरनं नखाजवळच्या केशवाहिनीतला दाब मोजला. बीपी ज्या मापात मोजतो त्याच मापात तो ३२ भरला. तेव्हापासून अनेकांनी ठरवून टाकलं, की गादीवरचा दाब ३२ च्या खाली ठेवला की झालं. १९५९ मध्ये कोसिअॅक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की दाब आणि वेळ ही जोडी आहे. जास्त दाब थोडा वेळ किंवा कमी दाब जास्त वेळ, दोन्हींनी जखम होते.

पण पुढे संगणकावरची मॉडेलं आली. पूल किंवा विमान बांधण्याआधी इंजिनिअर त्याचे मनातल्या मनात हजारो बारीक तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते संगणकाकडून काढून घेतात. तीच पद्धत शरीराला लावली. तेल अवीवमध्ये अमित गेफेन यांच्या गटानं बसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, त्यावरून मॉडेल केलं आणि दाखवलं, की हाडाखालच्या स्नायूतला ताण बाहेर कातडीवर मोजलेल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे बाहेरून मोजून आतलं कळत नाही.

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. काही उंदरांच्या पायाचा फक्त रक्तपुरवठा दोन तास थांबवला, काहींचा स्नायू दोन तास दाबून ठेवला. नुसतं रक्त थांबलं होतं तिथे रक्त सुरू झाल्यावर स्नायू पूर्ववत झाला. दाबून चेपलेला स्नायू मात्र एमआरआयमध्ये खराब झालेला दिसला. दोन तासांत! पेशी उपाशी राहून मरते त्याआधीच ती चेपून, ताणून फुटते.

आणि आता ते, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. आतून झालेली अशी इजा कातडीवर लगेच दिसत नाही. जांभळा डाग उठायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात.

दोन ते तीन दिवस. हिशोब तुम्हीच करा. अण्णांचा डाग घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दिसला. मोजत मागे गेलं की आपण थेट त्या पॅसेजमध्ये, त्या चपट्या गादीच्या स्ट्रेचरवर पोचतो. मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. आधीच्या अकरा दिवसांचाही वाटा असेल. पण घरच्या दोन रात्री, जेव्हा माझी बायको दर दोन तासांनी उठत होती, त्या या गुन्ह्यातल्या आरोपी नव्हेत.

घरी चूक झाली तीही माझीच. अण्णांना टीव्हीवर बातम्या बघायला आवडायचं, म्हणून मी कॉटचं डोकं चांगलं उंच करून ठेवायचो. आरामात बसलेत असं वाटायचं. प्रत्यक्षात माणूस हळूहळू खाली घसरत असतो. कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. मधला स्नायू आणि रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. मग आम्ही दोघं जण काखेत हात घालून त्यांना वर ओढायचो, म्हणजे तीच कातडी पुन्हा उलट दिशेनं घासायचो. अण्णांना बोलता येत असतं तर त्यांनीच मला शिव्या घातल्या असत्या. गाडीचा पाटा तुटला की ते म्हणायचे, "वजनानं नाही तुटत रे, वजन एका जागी आलं की तुटतो."

आपण साहित्य केंद्रातून कॉट घेतो, कॉटबरोबर हे सांगणारं कुणी नसतं. आम्ही आणखी काय काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण आत्ता तेच करत असतील. मेडिकलवाल्यानं दिलेली रबरी एअर रिंग बुडाखाली ठेवली. मधे भोक आहे म्हणजे जखमेला आराम, असं वाटतं. पण रिंगच्या कडेवर सगळा भार येतो आणि मधला भाग ताणला जातो, रक्त अडतं. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवलं. त्यानंही टाच दाबली जायची ती जातेच. या दोन्ही गोष्टी वापरू नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. लाल झालेल्या जागेवर पावडर टाकून खसाखसा चोळायचो, तेही चुकीचं.

बरोबर काय, ते थोडक्यात लिहितो. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

पूर्ण कुशीवर नको, तिरकं वळवा, साधारण ३० अंश, पाठीमागे उशी. पूर्ण कुशीवर झोपवलं की खुब्याचं हाड रुततं. दोन तास हा आकडा सुरुवातीला धरायचा. खूप बारीक, अशक्त माणसाला त्याआधीही वळवावं लागतं. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका, खालच्या चादरीची झोळी करून दोघांनी उचला. कॉटचं डोकं ३० अंशांच्या वर नको. जेवताना बसवावं लागतंच, नाहीतर घास श्वासनळीत जातो. तेव्हा आधी गुडघ्याकडची बाजू थोडी वर करा म्हणजे घसरण कमी होते, आणि जेवणानंतर अर्ध्या तासानं खाली आणा. हवेची गादी मिळाली तर जरूर घ्या, पण वळवणं थांबवू नका. आणि लाइट गेली की पंप बंद पडतो, आपल्याकडे हे सांगायची गरज नाही.

रोज एकदा पाठ, खुबे, टाचा बघा. लालसर जागा बोटानं दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर धोक्याची खूण. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागली तर लगेच दाखवा.

एवढं लिहून मी थांबलो असतो. पण ही निव्वळ आरोग्याची टीप नाही. मी इतकी वर्षं आपल्या भागातल्या दवाखान्यांच्या बातम्या दिल्या. नव्या इमारतीचं उद्घाटन, नवं मशीन, कोण पाहुणे होते, कुणी फीत कापली. रात्री एका वॉर्डात किती सिस्टर असतात आणि त्यांच्या हाताखाली किती पेशंट, हे मी कधी छापलं नाही. दोन तासांनी पेशंट वळवायला हात लागतात. औषध नाही लागत, मशीन नाही लागत, हात लागतात. रात्रीच्या ड्युटीवर एकटी सिस्टर तीस जणांना कशी वळवणार? मग हे काम आपोआप नातेवाईकांवर येतं. म्हणजे घरातल्या बाईवर. आणि जखम झाली की दोषही तिच्यावरच.

म्हणून तीन मागण्या जाहीर करतोय, आणि पाठपुरावा मीच करणार आहे. एक, अंथरुणाला खिळलेला पेशंट घरी सोडताना घरच्या माणसाला वळवायचं कसं ते करून दाखवावं, नुसती सही घेऊ नये. दोन, डिस्चार्जच्या वाटेवर पेशंट कडक स्ट्रेचरवर तासन् तास ठेवू नये. बिल होईपर्यंत बेड द्या, किंवा निदान गादी तरी द्या. तीन, आपल्या साहित्य केंद्रांनी प्रत्येक कॉटला या सूचनांचा कागद बांधावा आणि हवेच्या गाद्या ठेवाव्यात. मी चौकशी केली तिथे कॉट सहा निघाल्या, हवेच्या गाद्या दोन, आणि दोन्हींचे पंप बंद. मंडळाच्या पोरांनी ते दुरुस्त करायचं कबूल केलंय. त्यांचं कौतुक.

शेवटचं एकच.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री मी बायकोला सांगितलं. त्या स्ट्रेचरचं, तीन दिवसांच्या हिशोबाचं, कॉटचं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं. त्या दिवशी मी दोनदा तुमच्याकडे आले होते काउंटरवर. अण्णा कण्हतायत, जरा वळवू या म्हणून. तुम्ही म्हणालात, थांब जरा."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"ऐकलं असतंत का?"

तिची माफी मी घरात मागितली. दोष मात्र चारचौघांत दिला गेला होता, म्हणून चारचौघांतही मागतोय. नातेवाईकांपैकी बरेच जण हे वाचतील, वाचावंच.

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला असेल तर आज रात्री बाराचा गजर तुम्ही लावा. ती रोज लावते. तुमचे अनुभव खाली लिहा, नावं न घेता लिहिलीत तरी चालेल.